फोनला न दिसलेला गुडघा

रुक्मिणीबाईंचा डावा गुडघा बदलून त्यांना घरी आणलं, त्या दिवशी हॉस्पिटलातून दोन पिशव्या बरोबर आल्या. एकीत गोळ्या, बर्फाची पिशवी आणि पायात घालायचे घट्ट मोजे होते. दुसरीत फोन उभा करायचं तिकाटणं आणि एक चकचकीत कागद. कागदावरचा चौकोन फोनने टिपला की गुडघ्याचं ॲप फोनमध्ये उतरत होतं. आता फिजिओथेरपीवाल्यांना रोज घरी बोलवायची गरज नाही, फोनसमोर बसून व्यायाम करायचा, गुडघा किती वेळा वाकला, किती अंश वाकला हे फोन आपल्या डोळ्याने बघतो आणि डॉक्टरांना कळवतो, असं डिस्चार्जच्या टेबलावरच्या मुलीने सांगितलं तेव्हा रुक्मिणीबाईंच्या सुनेला, स्वप्नालीला, हायसं वाटलं. निदान एक काम तरी आपल्याशिवाय होईल, असं तिच्या मनात आलं.

तिच्याशिवाय घरातलं फारसं काही होत नव्हतं. ती चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला होती. सकाळी पावणेआठला कुरुळी फाट्यावर कंपनीची बस यायची आणि संध्याकाळी साडेसहाला परत आणून सोडायची. नवरा नवनाथ कंपन्यांना भाड्याने बसगाड्या लावायचा. तो पहिल्या शिफ्टसाठी पहाटेच बाहेर पडायचा आणि ड्रायव्हर आला नाही की स्वतःच स्टेअरिंगवर बसायचा. मुलगी स्वरूपा दहावीला, शाळा आणि क्लास करून अंधार पडल्यावरच घरी. दिवसभर घरात उरायचे दोघंच, सासरे चिमाजी आणि सासूबाई. जमीन कंपन्यांकडे गेल्यापासून चिमाजींना काम म्हणजे दारात खुर्ची टाकून बसणं आणि खोल्यांतल्या भाडेकरूंना पाण्याच्या मोटारीवरून बोलणं.

नवनाथने आईसाठी म्हणून मोठ्या पडद्याचा फोन आणला, तिकाटण्यावर चढवला आणि खाटेसमोर उभा केला. त्याला त्या सगळ्याचं फार अप्रूप. दुसऱ्याच दिवशी त्याने भावकीत सगळ्यांना सांगून टाकलं की आमच्या आईला फोन चालायला शिकवतोय. शिकवायचं काम मात्र स्वप्नालीच्या गळ्यात पडलं. पहिल्या दिवशी बसच्या आधी तिने रुक्मिणीबाईंना खाटेच्या कडेला बसवलं, फोन चालू केला आणि टाच मागे सरकवून गुडघा कसा वाकवायचा ते दाखवलं. फोनमधली बाई म्हणाली, "कृपया आपला गुडघा कॅमेऱ्यासमोर आणा." गुडघा कॅमेऱ्यासमोरच होता, फक्त नऊवारीच्या आत होता.

रुक्मिणीबाईंनी जन्मात नऊवारीशिवाय दुसरं काही नेसलं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी घातलेल्या हॉस्पिटलच्या झग्याबद्दल त्या अजून कुणाशी बोलायला तयार नव्हत्या. स्वप्नालीने गाऊन आणून दिला, तर गाऊनमधूनही फोनला गुडघा दिसेना. तिने घोट्यापर्यंतच्या घट्ट विजारी आणल्या. सासूबाईंनी त्या उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि घडी घालून स्वरूपाच्या कपाटात ठेवून दिल्या. शेवटी घाईघाईत असं ठरलं की लुगडं जरा वर घ्यायचं, बस. बसचा हॉर्न ऐकू आला आणि स्वप्नाली पळाली.

ॲपचा एक भाग तिच्या फोनवरही होता. कंपनीच्या गेटवर फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावत, पण फोन आत नेता यायचा. जेवणाच्या सुट्टीत तिने बघितलं तर व्यायामाच्या रकान्यात शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य, तिसऱ्या दिवशीही शून्य. शून्याखाली तोंड पाडलेला एक पिवळा चेहरा. चौथ्या दिवशी डॉक्टरांच्या नावाने मेसेजच आला की रुग्णाने व्यायाम न केल्यास गुडघा कायमचा आखडू शकतो आणि कुटुंबीयांनी लक्ष द्यावं. कुटुंबीय म्हणजे कोण, हे स्वप्नालीला कुणी सांगायला नको होतं.

त्या दिवशी लाइनवर तिचं तिच्या साहेबांशी वाजलं होतं. बस मोशीकडून वळवून आणल्यामुळे घरी पोहोचायला आठ वाजले. चपला काढता काढताच तिने सासूबाईंना विचारलं की आज तरी केलात का व्यायाम. केला, असं त्या म्हणाल्या. मग फोन शून्य का दाखवतो, असं तिने विचारलं. ते फोनलाच ठाऊक, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा स्वप्नाली जे बोलली ते पुढे तिला बरेच दिवस आठवत राहिलं. आवाज चढवून नाही, थकून बोलली होती. म्हणाली, "आई, तुम्ही खोटं बोलाल एक वेळ. फोन कशाला खोटं बोलेल?"

चिमाजी दारातल्या खुर्चीवरून उठून आत आले आणि पुन्हा बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वप्नालीच्या फोनवर हसरा चेहरा आला. तीस वेळा, बहात्तर अंश. तिने डबा तसाच ठेवून पुन्हा बघितलं. संध्याकाळी आणखी तीस. त्यानंतर एकही दिवस चुकला नाही. चौऱ्याहत्तर, शहात्तर, एकोणऐंशी. आपण जरा कडक बोललो ते बरंच झालं, असं तिला वाटलं. टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी जखम बघितली, टॅबवर आलेख बघितला, उत्तम म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. गुडघ्याला हात कुणी लावला नाही. महिनाअखेरीला ॲपने एक रंगीत कार्ड धाडलं. त्यावर लिहिलं होतं की रुक्मिणी, तुम्ही या महिन्यातल्या सर्वात जिद्दी रुग्णांपैकी एक आहात. नवनाथने ते भावकीच्या ग्रुपवर टाकलं. त्याला त्रेचाळीस अंगठे आले.

मात्र घरात डोळ्यांना वेगळंच दिसत होतं. सासूबाई चालताना डावा पाय काठीसारखा सरळ पुढे टाकायच्या. बसल्या की पाय स्टुलावर. संडासाच्या कमोडवर बसायचं तरी भिंतीला धरून पाय लांब करायच्या. स्वप्नालीने एकदोनदा टोकलंही. शंभराच्या वर वाकणाऱ्या गुडघ्याला स्टूल कशाला लागतं, असं काहीसं. "सवय," असं त्या म्हणायच्या. म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर कौतुक हवं असतं, असं स्वप्नालीने मनाशी ठरवून टाकलं आणि तिला त्यांचा रागच येऊ लागला. आपण इकडे मरमर मरतोय, फोन तिकडे शाबासकी देतोय, आणि या बाई पाय लांब करून बसल्यात.

सहा आठवड्यांनी तपासणी होती. नवनाथने गाडी काढली, स्वप्नालीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पिंपरीच्या हॉस्पिटलात या वेळी डॉक्टरांनी आधी प्राजक्ता नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पंचविशी-तिशीतली मुलगी, बारीक अंगाची, पण हाताला जोर होता. तिने पडदा ओढला, रुक्मिणीबाईंना झोपवलं, लुगडं अलगद वर सरकवलं आणि टाच मागे ढकलली. रुक्मिणीबाईंनी खाटेची कड धरली. प्राजक्ताने कोन मोजायची पट्टी लावली, परत लावली आणि टॅबकडे बघितलं.

"यात एकशे एकवीस आहे," ती म्हणाली. "इथे बासष्ट आहे."

स्वप्नाली तिच्याशी वाद घालायला लागली. आमच्याकडे रोजचं रेकॉर्ड आहे, तुमच्याच ॲपने घेतलेलं आहे, पट्टी नीट लागली नसेल, असं ती म्हणत राहिली. प्राजक्ताने पट्टी तिच्याच हातात दिली. दिवसभर मापं घेणाऱ्या बाईला कोन वाचता येत नाही असं नाही. बासष्ट होते. खरं तर साठच.

डॉक्टर आले आणि त्यांनी सरळ सांगितलं की आतून गुडघा चिकटायला लागलाय. तीन आठवडे देतो. तोवर नव्वदच्या आसपास आला नाही तर पुन्हा भूल देऊन तो जोर लावून वाकवावा लागेल. मग त्यांनी रुक्मिणीबाईंना विचारलं की आजी, व्यायाम कोण करत होतं. रुक्मिणीबाई पंख्याकडे बघत राहिल्या. चिमाजी बाहेरच्या बाकावर बसले होते.

स्वप्नालीला उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी कंपनीत जायचं होतं, पण ती गेली नाही. घरी येऊन तिने स्वतःची खोली बंद केली आणि ॲप उघडून बसली. पहिले चार शून्याचे दिवस सोडले तर सहा आठवड्यांचा आलेख एका सरळ चढत्या रेषेत होता. कंपनीत एखाद्या ऑपरेटरने माप न घेता तक्ता भरला की ती दुरून ओळखायची, कारण खऱ्या मापात चढउतार असतो आणि खोट्या मापात सगळं कसं गोड असतं. एखादा दिवस दुखलं, एखादा दिवस कमी वाकला, असं काहीतरी असायलाच हवं होतं. इथे त्या चार दिवसांनंतर एकही वाईट दिवस नव्हता. कंपनीत तिने अशा तक्त्यावर सहीसुद्धा केली नसती.

रुग्णाची लाज राखायची म्हणून ॲप खरा व्हिडिओ ठेवत नव्हतं. फक्त पांढऱ्या रेघांचा एक काड्यांचा माणूस ठेवत होतं. डोकं म्हणजे गोळा, हातपाय म्हणजे काड्या. तिने तो लावला. काड्यांचा माणूस खुर्चीत बसला होता आणि पाय मागेपुढे करत होता. दहा वेळा वाकवून झालं की तो थांबायचा, त्याचा उजवा हात वर जायचा, गोळ्यावर टेकायचा आणि खाली यायचा. पुढचे दहा झाले की पुन्हा तसंच. स्वप्नालीने तीन दिवसांचे व्यायाम लावून बघितले. लग्न होऊन या घरात आल्यापासून, सतरा वर्षं, तिने हा हात टोपी सारखी करताना बघितला होता.

ती बाहेर आली. चिमाजी आणि रुक्मिणीबाई दोघंही चहा पुढ्यात घेऊन बसले होते, चहा गार झाला होता. तिने फोन चिमाजींच्या समोर धरला. काड्यांचा माणूस टोपी सारखी करत होता.

"दादा, हे कोण आहे?"

चिमाजींनी चष्मा लावून बघितलं. लपवायचा प्रयत्न केला नाही. व्हय, मीच हाय, असं ते म्हणाले. धोतर सोडून पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर बसलो की त्याला गुडघा झकास दिसतो. पहिल्याच दिवशी त्या बाईनं शाबास रुक्मिणी म्हटलं. मग एकदम कसा वाकवायचा, संशय येईल, म्हणून रोज उलीसा वाढवत नेला. चुकूनमाकून एक दिवसबी चुकवला न्हाई, हेही त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता. त्यामुळे स्वप्नालीचं डोकं आणखीच फिरलं. हा काय खेळ वाटला का, असं ती म्हणाली. पाय त्यांचा, व्यायाम तुमचा, आता परत ऑपरेशन टेबलावर कोण झोपणार, ते सांगा. आणि आई, तुम्हीही गप्प राहिलात. डॉक्टर समोर उत्तम म्हणत होते तेव्हाही गप्प राहिलात.

रुक्मिणीबाईंनी तिला बोलू दिलं. तिचं संपल्यावर त्या म्हणाल्या, "पहिलं चार दिस मीच केलं."

"मग?"

"रोज तीस-तीस केलं. दात खाऊन केलं. ती बाई म्हणायची गुडघा दाखवा. लुगडं वर घ्यायला गेले तर दार उघडं, येणारंजाणारं बघतंय. लावून घेतलं तर हिकडं अंधार, मग ती म्हणायची उजेडात या. शंभरावर येळा वाकवला गुडघा, आन तिकडं शून्य. तू आलीस आन इचारलंस. मी सांगितलं तुला, केलं म्हून." त्या थांबल्या. "तू म्हणालीस, फोन कशाला खोटं बोलंल."

रुक्मिणीबाईंनी गार चहाचा कप बाजूला सारला.

"मग मी म्हणलं, जाऊ द्या. केलं तरी शून्य, न्हाई केलं तरी शून्य, तर दुखवून कशाला घ्यायचं."

"ही रडत बसली व्हती त्या राती, म्हून मी बसलो फोनपुढं," चिमाजींनी मध्येच सांगितलं आणि टोपीकडे गेलेला हात खाली घेतला.

स्वप्नाली आत जाऊन बसली. सगळ्यात जास्त राग कुणाचा करावा तेच कळेना. सासऱ्यांचा करावा तर त्यांनी बायकोला शिव्या बसू नयेत म्हणून केलं होतं. सासूबाईंचा करावा तर त्या खरं बोलल्या होत्या. मग तिने तो राग ॲपवर काढायचं ठरवलं. मदतीच्या चौकटीत तिने लिहिलं की पेशंट सदुसष्ट वर्षांच्या आहेत, नऊवारी नेसतात आणि तुमच्या कॅमेऱ्याला त्या दिसत नाहीत. क्षणात उत्तर आलं की आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया गुडघे दिसतील असे चुस्त वस्त्र परिधान करावे. त्या ते परिधान करत नाहीत, असं तिने लिहिलं. आपला अभिप्राय मोलाचा आहे, असं उत्तर आलं, आणि खाली आमच्या सेवेला किती तारे द्याल असं विचारलं होतं. मला माणसाशी बोलायचंय, असं तिने लिहिलं. तेव्हा पुन्हा पहिलंच उत्तर आलं. फोन भिंतीवर आपटायची इच्छा तिने कशीबशी आवरली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने हॉस्पिटलात फोन लावून लावून प्राजक्ताला गाठलं आणि सगळं सांगितलं, काड्यांच्या माणसासकट. प्राजक्ता हसली नाही. साडी नेसणाऱ्या बायकांचं काय करायचं हे मी ॲपवाल्यांना आधीच विचारलं होतं, असं ती म्हणाली. मग तिने स्वतःचा नंबर दिला. सकाळी साडेसहाला मला व्हिडिओ कॉल करा, मी घरून बघते, पंधरा मिनिटं. दिवसात आणखी तीनदा त्यांनी करायचं आणि प्रत्येक वेळी नुसता गुडघ्याचा छोटा व्हिडिओ मला पाठवायचा. मोजायचं मी बघेन. तिकाटणं वगैरे काही नको, कुणीतरी हातात फोन धरा.

पहिल्या सकाळी स्वप्नालीने खोलीचं दार लावलं, दिवा लावला, चिमाजींना बाहेर बसवलं. लुगड्याचा प्रश्न कसा सुटणार, याची तिला धास्ती होती. पण पडद्यावर प्राजक्ताचा चेहरा दिसला, तिने आजी म्हणून हाक मारली, तशा रुक्मिणीबाईंनी उभ्या राहून लुगड्याचे काठ मांड्यांपाशी वर ओढले, मागे घट्ट खोचले आणि खाटेवर बसल्या. दोन्ही गुडघे उघडे, डाव्यावर वीतभर लांब जखमेची रेघ. स्वप्नाली बघतच राहिली. त्यांचं माहेर मावळातलं होतं. चिखलात भाताची लावणी करताना बायका असंच खोचतात, असं त्यांनी सांगितलं. मग एवढे दिवस त्या फोनपुढे का नाही खोचलंत, असं तिने चिडूनच विचारलं.

"तिथं कोन व्हतं बघाया?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "ही पोरगी बघती तरी."

ती पंधरा मिनिटं स्वप्नालीला सहन झाली नाहीत. टाच मागे जायची, गुडघा सत्तरच्या आत कुठेतरी अडायचा, आणि प्राजक्ता फोनमधून म्हणायची, आजी, अजून एक बोट. रुक्मिणीबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण तोंडातून आवाज येत नव्हता. स्वप्नाली खाली बसून फोन धरून होती. मग तिला बसची वेळ झाली.

दिवसाचे व्हिडिओ काढून स्वप्नालीला पाठवायचं काम चिमाजींकडे आलं. ती ते बघून पुढे प्राजक्ताला पाठवणार होती. हा नवा वैताग होता. पहिला व्हिडिओ दुपारी साडेअकराला आला आणि त्यात अंगठा होता. दुसऱ्यात छतावरचा पंखा, तोही बंद. तिसऱ्यात चिमाजींचा स्वतःचा चेहरा, अगदी जवळून, नाकाच्या खालून. स्वप्नाली गेटजवळ उभी राहून त्यांना फोनवर समजावायची की दादा, फोन उलटा धरताय, तो गोल बाण दाबा. कुठला बाण, असं ते विचारायचे. एकदा त्यांनी पूर्ण सात मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. फोन खाटेवर पालथा ठेवलेला होता आणि दिसत होता फक्त काळोख. पुढच्या वेळी व्हिडिओ स्वप्नालीऐवजी भावकीच्या ग्रुपवर गेला. त्यात गुडघा नेमका दिसत होता. तो पुसायला स्वप्नालीला लाइन सोडून बाहेर यावं लागलं आणि साहेबांनी तिला दोन शब्द सुनावले.

त्या दुपारी ती कॅन्टीनच्या मागच्या बाजूला जाऊन प्राजक्ताला आवाजी मेसेज पाठवायला लागली की आमच्या सासऱ्यांना काही जमत नाही, माफ करा, मी उद्यापासून काहीतरी वेगळं करते. तेवढ्यात नवा व्हिडिओ आला. तोही पंख्याचाच. पुसण्याआधी तिने तो नुसता ऐकला. आजूबाजूला ट्रकचे हॉर्न होते म्हणून फोन कानाला लावून ऐकला. सासूबाई मोजत होत्या. आठ, नऊ, दहा. दहानंतर जोराचा श्वास. मग चिमाजींचा आवाज, बास कर म्हणणारा. सासूबाईंनी बास केलं नाही. अकरा, बारा, आणि तेराला आवाज फुटला आणि तरीही तेरा म्हणाल्या. चौदाला चिमाजीही बरोबर मोजत होते. तीसपर्यंत दोघांनी मिळून मोजलं.

तिने आपला मेसेज पाठवला नाही, पंख्याचा व्हिडिओ पुढे पाठवला. थोड्या वेळाने प्राजक्ताचं उत्तर आलं. हे चालेल, असं त्यात होतं, असंच पाठवा, आवाजावरून कळतंय मला कुठे अडतंय ते. आणि चिमाजींना सांगा, त्यांनी थांब म्हणायचं नाही.

चिमाजी काही थांब म्हणायचे थांबले नाहीत. यावरून नवरा-बायकोत रोज भांडण, तेही व्हिडिओत यायचं. दुसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला. प्राजक्ताने दोन दिवस बर्फ लावायला आणि निम्मंच करायला सांगितलं. सासूबाई ऐकेनात, म्हणाल्या आता तीसची सवय लागली. स्वप्नालीला दोन दिवस कंपनीतून घरी फोन करकरून त्यांना अडवावं लागलं. आधी व्यायाम करा म्हणून मागे लागायचं, आता करू नका म्हणून. नवनाथ एकदा जेवताना म्हणाला की ॲप बंद पडलंय वाटतं, हल्ली कार्ड येत नाही. ती ताट उचलून आत गेली.

तीन आठवड्यांनी पुन्हा पिंपरीला गेले. प्राजक्ताने पट्टी लावली. ब्याण्णव. परत लावली, तरी ब्याण्णव. तिने रुक्मिणीबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर आले, त्यांनी गुडघा हाताने वाकवून बघितला आणि भूल द्यायची गरज नाही असं सांगितलं. मांडी घालणं जमणार नाही कदाचित, पण जिना, खुर्ची, बस सगळं जमेल. मग त्यांनी टॅब उघडला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मागच्या तीन आठवड्यांत व्यायाम शून्य दिसतोय, असं ते म्हणाले, तुम्ही ॲप का बंद केलंत. आलेखात पहिले सहा आठवडे अगदी आदर्श आहेत.

स्वप्नालीने सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. डॉक्टर अर्ध्यावर घड्याळाकडे बघायला लागले. हे मी त्यांच्यापर्यंत पोचवतो, असं ते म्हणाले. पोचवणार नाहीत हे तिला दिसत होतं. प्राजक्ता मागे उभी राहून फाइलवर हाताने ब्याण्णव लिहीत होती. स्वप्नालीने डॉक्टरांसमोरच त्या आकड्याखाली तारीख टाकायला लावली आणि सही मागितली. प्राजक्ताने सही केली.

परतताना भोसरीपासूनच गाड्या तुंबल्या होत्या. नवनाथ खुशीत होता. आता भावकीत कळवायला हवं, असं तो म्हणत होता, टेक्नॉलॉजी आहे म्हणून एवढं झालं, नाहीतर आपल्या गावात कुठला फिजिओ येतो. स्वप्नालीने त्याला फक्त रस्त्याकडे बघा असं सांगितलं. चिमाजी पुढच्या सीटवर डुलक्या घेत होते. मोशीच्या पुढे सगळंच थांबलं. कंटेनर, कंपन्यांच्या बस, मधून घुसणारे रिक्षावाले. तिने बाजूला बघितलं. जाताना सीटवर आडवा टाकलेला सासूबाईंचा पाय आता खाली होता, वाकवून, चिमाजींच्या सीटच्या मागे दाबून बसलेला. त्यांचा चेहरा खिडकीकडे होता आणि ओठ आत ओढलेले होते.

नऊ आठवड्यांत आपण किती अंश, किती वेळा, एवढंच विचारलं, हे तिच्या ध्यानात आलं. दुखण्याचा प्रश्न तेवढा ॲपच विचारायचं आणि उत्तर म्हणून निवडायला पाच चेहरे द्यायचं.

"आई, दुखतंय का?"

"दुखतंय की," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "भोसरीपास्नं दुखतंय."

"मग सांगायचं नाही का? दादांची सीट पुढे घेतली असती."

"ते झोपल्यात. आन तू फोनवर व्हतीस."

स्वप्नाली साहेबांच्या मेसेजला उत्तर देत होती, हे खरं होतं. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि नवनाथला गाडी कडेला घ्यायला सांगितलं. इथे कुठे घेऊ, मागून कंटेनर आहे, असं तो म्हणाला. घ्या, असं तिने सांगितलं. त्याने घेतली. मागच्याने हॉर्न धरून ठेवला. ती खाली उतरली, पुढचं दार उघडून चिमाजींना हलवून जागं केलं, सीटखालची कडी ओढली, आणि ते दचकून काय झालं, काय झालं म्हणत असतानाच त्यांच्यासकट सीट पुढे ढकलली.

"आता बघा," तिने मागे वाकून विचारलं. "अजून थोडी घेऊ?"

रुक्मिणीबाईंनी पाय सोडून बघितला.

"उलीशी," त्या म्हणाल्या.

मागचा कंटेनरवाला शिव्या घालत होता. स्वप्नालीने त्याला हाताने थांब म्हणून खूण केली आणि सीट आणखी एक खाच पुढे घेतली.